वात पेटवणारा एक आणि बाकीचे सगळे

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

आमच्या वसाहतीत साधारण दोनशे घरं आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव येतोय. आवारात कुणीही स्वतःचे फटाके उडवायचे नाहीत, त्याऐवजी वर्षातून एका रात्री मोकळ्या मैदानावर माहितगार माणसांकडून सगळ्यांसाठी मिळून एकच आतषबाजी करायची. मी कार्यकारिणीत आहे. माझा सख्खा मोठा भाऊ याच वसाहतीत राहतो आणि फटाके म्हणजे त्याचा जीव की प्राण. माझा मुलगा फटाक्यांच्या रात्री मामाची पाठ सोडत नाही. गेल्या वर्षी फुलबाजीने त्याचा तळहात भाजला, व्रण अजून आहे. दादा म्हणाला, "आपण लहानपणी काय कमी भाजलो?"

समोरच्या इमारतीत हृदयाची शस्त्रक्रिया झालेले एक आजोबा आहेत. शेजारची मुलगी स्वमग्न आहे, तिचे आईवडील त्या रात्री तिला घेऊन दुसरीकडे राहायला जातात. हे सगळं मला दिसतं. तरी दादाचं बोलणं अगदीच चुकीचं वाटत नाही. तो म्हणतो, "वर्षातून एक रात्र. सगळ्यालाच बंदी घालत सुटलात तर माणसाने आनंद करायचा तरी कधी? ज्याला त्रास होतो त्याने खिडक्या लावून घ्याव्यात."

खासगी फटाक्यांवर निर्बंध असावेत का? आणि मी ठरावाच्या बाजूने हात वर केला, तर दादाला काय सांगू?

— एक धाकटी बहीण

उत्तर

ताई,

हात वर करा, ठरावाच्या बाजूनेच. मात्र ठराव आत्ता जसा लिहिलाय तसाच मंजूर होऊ देऊ नका. त्यात काही दुरुस्त्या सुचवा. त्यातली एक तुमच्या दादासाठी आहे, तिच्याकडे मी येतेच.

आधी दादाचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण त्यात खरं आहे. ठराव त्याच्याकडून काहीतरी काढून घेतोय, आणि सभेत कुणीतरी "त्यात काय एवढं, बघायला तर मिळणारच आहे" असं म्हणून ते उडवून लावणार. बघणं आणि पेटवणं यात फार अंतर आहे. वातीला उदबत्ती लावायची, ती पेटली की नाही याचा क्षणभर अंदाज घ्यायचा आणि मग मागे पळायचं, त्या दोन-तीन सेकंदांत जो थरार असतो तो मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून मिळत नाही. आकाशातल्या रंगांमागची करामतही काही कमी नाही. स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा लाल, बेरियमचा हिरवा, सोडियमचा पिवळा, तांब्याचा निळा. त्यातला निळा सगळ्यात अवघड, कारण तो रंग देणारं तांब्याचं संयुग जास्त उष्णतेत टिकत नाही, म्हणून कारागिराला आच अगदी मोजून ठेवावी लागते. एखाद्या माणसाचा यात जीव रमत असेल तर ते मला पूर्ण समजतं. त्याला बेजबाबदार ठरवून सुरुवात केलीत, तर त्याला तुमचं पुढचं एक अक्षरही ऐकू येणार नाही.

पण त्याचं शेवटचं वाक्य पाहा. ज्याला त्रास होतो त्याने खिडक्या लावाव्यात. माझी सगळी हरकत या एका वाक्याला आहे. आनंद कधी करायचा, किती वेळ करायचा, किती मोठ्याने करायचा हे एकाने ठरवायचं आणि त्याची किंमत दुसऱ्याने आपल्या घरात बसून भरायची, अशी ही विभागणी आहे. शेजारच्या मुलीचे आईवडील त्या रात्री घर सोडतात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तिथे जरा थांबा. एका कुटुंबाला स्वतःच्या घरातून दरवर्षी निघून जावं लागतं, तेही कुणी "जा" न म्हणता आणि कुणाच्याही मनात वाईट नसताना. निर्बंध हवेत की नकोत याचं उत्तर मला तरी तिथेच मिळतं.

शिवाय खिडक्या लावून भागत नाही. भारतातल्या नियमानुसार फटाक्याचा आवाज फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. ब्रिटनमध्ये सामान्य ग्राहकाला विकायच्या फटाक्यांसाठी ही मर्यादा १२० डेसिबल आहे. डेसिबलची मोजणी सरळ चढत नाही. दर दहा डेसिबलला आवाजातली ऊर्जा दहापट होते, त्यामुळे कागदावर "थोडासाच जास्त" दिसणारा आकडा कानाला थोडासा नसतो. मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. दोन इमारतींच्या मधल्या बोळात तो भिंतींवर आपटून परत येतो, आणि जड धमाक्याचा खालच्या पट्टीतला दणका बंद काचेलाही जुमानत नाही. अशा अचानक होणाऱ्या आवाजांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली कमाल मर्यादा मोठ्यांसाठी १४० डेसिबल आणि मुलांसाठी १२० डेसिबल आहे. म्हणजे तुमचा मुलगा मामाच्या शेजारी उभा असतो तिथे, नियमात बसणारा बॉम्बसुद्धा त्याच्या कानांसाठी मर्यादेच्या पलीकडे असू शकतो. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आपल्याला ऐकवतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

स्वमग्न मुलांना, तान्ह्या बाळांना, युद्ध किंवा स्फोट अनुभवलेल्या माणसांना त्या रात्री नुसता मोठा आवाज छळत नाही. पुढचा आवाज कधी येईल हे कळत नाही, हा त्यातला मोठा छळ. रेल्वेच्या रुळाशेजारी राहणारा माणूस आवाजाला सरावतो, कारण गाडीला वेळ असते आणि आवाज लांबून वाढत येतो. सुतळी बॉम्ब शांततेतून अचानक फुटतो, मग शांत होतं, मग पुन्हा फुटतो. शरीर सावध राहून राहून थकतं, पण सरावत नाही. कुत्र्यांचंही असंच. त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, आणि उद्या हे थांबणार आहे असं त्यांना कुणी समजावूनही सांगू शकत नाही. पक्ष्यांबद्दल तर पुरावाच आहे. नेदरलँड्समध्ये पाऊस मोजणाऱ्या रडारवर नववर्षाच्या मध्यरात्री हजारो पक्षी एकदम आकाशात झेपावताना दिसले. एरवी झोपलेले असण्याच्या वेळी ते पाचशे मीटर उंचीवर भिरभिरत होते. पुढच्या अभ्यासात हा परिणाम फटाक्यांपासून दहा किलोमीटरपर्यंत जाणवला. "मी माझ्या अंगणात उडवतो" या वाक्यातलं अंगण एवढं लांबवर पसरलेलं असतं.

आता इजा. इथेही नेदरलँड्सचंच उदाहरण देते, कारण खासगी फटाक्यांची हौस आणि त्याच्या परिणामांची काटेकोर नोंद, दोन्ही त्या देशात आहे. तिथे नववर्षाच्या रात्री फटाक्यांनी जखमी होऊन उपचारासाठी येणाऱ्यांचा आकडा बरीच वर्षं हजाराच्या वर राहिला, आणि त्यातले जवळजवळ निम्मे नुसते बघे होते. ते वाट चालत होते किंवा गॅलरीत उभे होते, वात त्यांनी पेटवलीच नव्हती. दादाला सांगायची एकच आकडेवारी निवडायची झाली तर ही निवडा. जोखीम पत्करायचा हक्क आपल्यापुरता असतो, आणि त्याचा स्वतःच्या बोटांवरचा हक्क मी मान्यही करीन. पण रॉकेट बाटलीतून निघताना बाटली कलंडली, तर ते कुणाच्या खिडकीत शिरेल हे दादाच्या हातात नसतं.

तुमच्या मुलाच्या तळहाताबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे दादाचा नाही, जवळजवळ सगळ्यांचाच गैरसमज असतो. बॉम्ब धोक्याचा आणि फुलबाजी मुलांची, असं आपण धरून चालतो आणि घरातल्या सगळ्यात लहान हातात ती देतो. जळत्या फुलबाजीचं टोक सुमारे हजार अंश सेल्सियसपर्यंत तापतं. पाणी शंभर अंशाला उकळतं, आणि उकळत्या पाण्याजवळ आपण लहान मुलाला फिरकूही देत नाही. फुलबाजी विझल्यावरही तार बराच वेळ चटका देण्याइतकी गरम राहते आणि नेमकी तीच मुलं हातात घेऊन फिरतात, जमिनीवर टाकतात, त्यावर अनवाणी पाय पडतो. म्हणून निर्बंधांची यादी करताना आवाज नसलेलं सगळं आपोआप निरुपद्रवी मानू नका. फुलबाजी हवी असेल तर हात लांब ठेवता येईल एवढं मूल मोठं असावं, अंगावर सुती कपडे आणि पायात चप्पल असावी, शेजारी पाण्याची बादली असावी आणि विझलेली प्रत्येक तार त्या बादलीत जावी. भाजलंच तर नळाचं साधं पाणी निदान वीस मिनिटं, बर्फ नाही आणि टूथपेस्ट तर नाहीच. न उडालेल्या फटाक्यावर वाकून बघण्याने जाणारे डोळे हा आणखी एक विषय. त्याबद्दल एवढंच सांगते की फुसक्या निघालेल्या बारापाशी परत जायचं नसतं, त्याच्यावर लांबून भरपूर पाणी ओतायचं.

तुमच्या सभेत एक मधला मार्ग नक्की सुचवला जाईल. बंदी कशाला, सगळ्यांना विनंती करू, समंजसपणे घेऊ. ऐकायला फार छान वाटतं, आणि बऱ्याच बाबतीत मी स्वतः विनंतीच्या बाजूची आहे. इथे ती चालत नाही, याचं कारण फटाक्याच्या स्वभावातच आहे. दोनशे घरांपैकी एकशे नव्व्याण्णव घरांनी विनंती मानली आणि एका घराने रात्री एक वाजता दहा हजारांची माळ लावली, तर त्या रात्री आजोबांची झोप उडाली ती उडालीच. कचरा वेगळा करायच्या विनंतीला नव्वद टक्के लोकांनी साथ दिली तर नव्वद टक्के काम होतं. शांततेचं तसं नाही. ती शेवटच्या माणसावर अवलंबून असते, म्हणून तिला नियम लागतो.

मग कोणता नियम? जगभर यात बरेच प्रयोग झाले आहेत आणि सगळेच यशस्वी नाहीत. ते सभेत मांडताना प्रामाणिकपणे मांडा, नाहीतर कुणीतरी मोबाइलवर शोधून तुम्हाला तिथेच गप्प करेल.

वेळेचा नियम सगळ्यात सोपा. ब्रिटनमध्ये रात्री अकरा ते सकाळी सात फटाके उडवता येत नाहीत, ठरावीक सणांच्या रात्रींना तेवढी सवलत असते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली, आणि २०१८ मध्ये सणाच्या रात्री फक्त आठ ते दहा हे दोन तास ठेवून बेरियमच्या क्षारांचे फटाके आणि फटाक्यांच्या माळा बंद केल्या. घड्याळ सगळ्यांकडे असतं, त्यामुळे वेळ मोडली की कुणालाही कळतं. डेसिबलच्या मर्यादेचं तसं होत नाही. हातात यंत्र घेऊन प्रत्येक गच्चीवर कोण उभं राहणार? म्हणून वसाहतीच्या ठरावात आवाजाचा आकडा घालू नका, प्रकार लिहा.

प्रकारांवरचे नियम जास्त टिकाऊ दिसतात. युरोपात फटाक्यांचे चार वर्ग केलेले आहेत. सगळ्यात किरकोळ धोक्याचे पहिल्या वर्गात, आणि चौथा वर्ग फक्त प्रशिक्षित व्यावसायिकांसाठी. आयर्लंडमध्ये सामान्य माणसाला फक्त पहिला वर्ग वापरता येतो. चिलीने २००० सालीच सर्वसामान्यांना फटाके विकण्यावर आणि त्यांनी ते वापरण्यावर कायद्याने बंदी घातली, कारण भाजलेल्या मुलांनी दवाखाने भरत होते. स्कॉटलंडने २०२२ मध्ये कायदा करून स्थानिक प्रशासनांना काही भाग फटाकेमुक्त ठरवायचा अधिकार दिला. नेदरलँड्समध्ये २०२५ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी खासगी फटाक्यांवरच्या बंदीला मंजुरी दिली, किरकोळ पहिला वर्ग तेवढा वगळून. याच देशात १३ मे २००० रोजी एन्स्खेडे शहरात, घरांच्या मधोमध असलेल्या फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन २३ माणसं गेली आणि साडेनऊशेच्या आसपास जखमी झाली होती. त्यानंतरही हा निर्णय व्हायला पाव शतक लागलं. लोकांचं प्रेम किती खोल असतं याचा यावरून अंदाज येतो, आणि तुमच्या सभेत आवाज चढले तर नवल वाटून घेऊ नका.

आता बंदीची दुसरी बाजू. करोनाच्या साथीत रुग्णालयांवरचा भार कमी करायला नेदरलँड्सने फटाक्यांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आणली. त्याआधीच्या वर्षी सुमारे १,३०० जखमी होते, बंदीच्या पहिल्या वर्षी आकडा ४०० च्या खाली आला. बंदीचा उपयोग होतो की नाही, याचं उत्तर त्या एका रात्रीने दिलं. पण दुसऱ्या वर्षी बंदी तशीच असताना आकडा पुन्हा पावणेआठशेच्या आसपास गेला, कारण लोकांनी शेजारच्या देशातून माल आणला आणि जुना साठा बाहेर काढला. आयर्लंडमध्येही दर शरद ऋतूत सीमेपलीकडून चोरटा माल येतो. बीजिंगने १९९३ मध्ये शहरात फटाके बंद केले, लोकांची नाराजी वाढत गेली आणि २००५ मध्ये बंदी सैल करावी लागली. पुढे धुरामुळे ती टप्प्याटप्प्याने परत आली. त्या मोकळिकीच्या काळातली एक घटना सभेत जरूर सांगा. फेब्रुवारी २००९ मध्ये बीजिंगमध्ये सरकारी दूरचित्रवाणीच्या नव्या संकुलातली एक उंच इमारत पेटली आणि आग विझवताना एका जवानाचा जीव गेला. ती आग वाहिनीच्याच माणसांनी परवानगीशिवाय लावलेल्या मोठ्या फटाक्यांनी लागली होती. नियम जर अध्यक्षांच्या नातवाला आणि वर्गणी जास्त देणाऱ्याला लागू होणार नसेल, तर तो करूच नका. पहिल्याच रात्री त्याचा कागद होईल.

या सगळ्यातून मी जे घेते ते असं. बंदी चालते, पण ज्यांच्यावर ती येते त्यांचा तिच्यात वाटा असला तरच ती दुसऱ्या वर्षी टिकते. म्हणून तुमच्या ठरावात दुरुस्त्या हव्यात.

फुटणारं आणि उडणारं, म्हणजे बॉम्ब, माळा, रॉकेटं, आकाशात जाऊन फुटणारे सगळे डबे, हे खासगी हातांतून पूर्ण बाहेर काढा. यात तडजोड नको, कारण यांचा आवाज आणि यांची दिशा, दोन्ही पेटवणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. जमिनीवर राहणारं आणि आवाज न करणारं, भुईनळा, भुईचक्र, फुलबाजी, हे एका ठरलेल्या संध्याकाळी, एका ठरलेल्या जागी, दीड-दोन तासांपुरतं आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीत राहू द्या. धूर यांचाही होतो, म्हणून दम्याचे रुग्ण कुठे राहतात ते पाहून जागा निवडा. मुलांच्या हातून सगळंच हिसकावून घेणारा ठराव दुसऱ्या दिवशी जिन्याखाली मोडला जातो. आणि तारीख, वेळ महिनाभर आधी फलकावर लावा. शेजारच्या मुलीच्या आईवडिलांना, आजोबांना, घरात कुत्रा असलेल्यांना ते एक पान किती मोलाचं असेल याची कल्पना करून पाहा. आवाज कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे ठाऊक असलं की निम्मी धास्ती तिथेच कमी होते.

सामुदायिक आतषबाजीबद्दलही सावध राहा. तुमच्या ठरावात ती जणू सगळ्याचं उत्तर असल्यासारखी आली आहे. ती माणसांसाठी जास्त सुरक्षित आहे, यात शंका नाही. अंतर राखलेलं असतं, पेटवणारा शिकलेला असतो, अग्निशमनाची सोय असते. पण हवा आणि पाणी कुणी पेटवलं ते बघत नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या एका छोट्या तळ्यावर अशाच सार्वजनिक आतषबाजीनंतर शास्त्रज्ञांनी पाणी तपासलं. दारूकामातल्या परक्लोरेट या रसायनाचं प्रमाण चौदा तासांच्या आत एरवीच्या सरासरीच्या २४ ते १,०२८ पट झालं होतं आणि मूळ पातळीला यायला २० ते ८० दिवस लागले. तेव्हा मैदान निवडताना विहीर, तळं, ओढा यांपासून लांबचं निवडा, कार्यक्रम पंधरा मिनिटांत संपवा आणि मोठ्या धमाक्यांशिवायचे फटाके मागा. इटलीतल्या कोलेक्किओ गावाने असे कमी आवाजाचेच फटाके सक्तीचे केले आहेत. रंग तेच राहतात, छातीत धडकी भरवणारा दणका तेवढा जातो. दणक्याशिवाय मजा नाही असं म्हणणारे भेटतील. त्यांचं तसं वाटणं खरं आहे, पण आजोबांच्या छातीच्या तुलनेत मला ते हलकं वाटतं.

आणि आता दादा.

सभेत त्याला तुमचा वर गेलेला हात पहिल्यांदा दिसता कामा नये. त्याआधी, घरात फार माणसं नसताना, त्याच्याकडे जा. मुलाच्या हाताचा विषय तुम्ही काढू नका. तो व्रण त्यालाही दिसतो, आणि "आपण काय कमी भाजलो" हे वाक्य मला बेफिकिरीचं वाटत नाही. मामाच्या मनात अपराधीपणा असतो, तो असा उलटा बाहेर पडतो. तुम्ही आरोप केलात तर तो त्या वाक्याला आणखी घट्ट चिकटून बसेल. त्यानेच विषय काढला तर सांगा, "हो, भाजलो होतो. आपल्याला कुणी सांगणारं नव्हतं, आता आपण आहोत ना सांगायला."

मग त्याला शेजारच्या कुटुंबाबद्दल सांगा. ते त्या रात्री घर सोडतात हे त्याला बहुधा ठाऊकच नसेल. फटाके उडवणाऱ्याला तीच घरं दिसतात ज्यांच्या गॅलरीत माणसं टाळ्या वाजवत उभी असतात. दारं लावून बसलेली घरं त्याच्या नजरेत येतच नाहीत. त्यांच्याशी तुमची ओळख असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्या आणि दादाला एकदा त्यांच्याकडे चहाला घेऊन जा. तिथे फटाक्यांवर व्याख्यान नको. त्याने त्या मुलीला पाहू दे, तिच्याशी बोलू दे. मी इथे लिहिलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा त्या अर्ध्या तासाचा उपयोग जास्त होईल.

आणि त्याला काम द्या. मघाशी म्हटलं ती दुरुस्ती हीच. नेदरलँड्सच्या नव्या कायद्यात एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. नागरिकांच्या एखाद्या गटाने अटी पाळायची तयारी दाखवली, तर महापौर त्यांना एकत्रित आतषबाजीसाठी सूट देऊ शकतात. म्हणजे हौशी माणसाला बाहेर न फेकता त्याची हौस नियमात बसवायची वाट त्यांनी मोकळी ठेवली. तुमच्या वसाहतीतही हे होऊ शकतं. मैदानाची आखणी, परवाना असलेला दारूकाम करणारा शोधणं, अग्निशमन दलाला कळवणं, बघ्यांसाठी दोरी कुठे बांधायची ते ठरवणं, रंगांचा क्रम लावणं, हे सगळं कळणारा माणूस तुमच्या दोनशे घरांत दादाइतका दुसरा कोण असेल? सामुदायिक कार्यक्रमाची जबाबदारी त्याच्याकडे द्यावी असं तुम्हीच सभेत सुचवा, अर्थात आधी त्याला विचारून. जमिनीवरच्या फटाक्यांच्या जागी बादल्या घेऊन उभं राहायलाही तोच योग्य. तुमच्या मुलालाही मग मामाची पाठ सोडावी लागणार नाही, आणि तो मामाकडून पेटवण्याइतकंच सांभाळणंही शिकेल.

एवढं करूनही दादा रागावू शकतो. काही महिने बोलणं तुटकही होईल. तरी मत बदलू नका आणि सभेला गैरहजर राहून सुटकाही करून घेऊ नका. तुम्ही कार्यकारिणीत बहीण म्हणून बसलेल्या नाही. त्या टेबलाभोवती शेजारच्या मुलीचं कुणी नसेल, तान्ह्या बाळाचं कुणी नसेल. त्यांच्यासाठी हात वर करणारं कुणीतरी तिथे असायला हवं, आणि हे पत्र लिहिण्याइतकी तुम्हाला त्यांची काळजी आहे. दादाला एवढंच सांगा: "मी तुझ्या विरोधात मत देत नाहीये, पण या ठरावाला मी मत देणार आहे आणि ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं." सख्ख्या भावाला हे वाक्य पचायला वेळ लागेल, पण दुसऱ्याच्या तोंडून कळलेलं त्याहून जास्त लागेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. दादाने यंदाचा माल आधीच आणून ठेवला असेल, तर त्याचं काय करायचं हे सभेआधीच ठरवा, नाहीतर "एवढे पैसे वाया घालवू का" या एका प्रश्नावर सगळं अडेल. न उघडलेली खोकी विकणाऱ्याला परत करता येतात का ते आधी विचारा. दारूकाम करणाऱ्याशी बोलून मैदानावरच्या कार्यक्रमात त्यातलं काही सुरक्षितपणे वापरता येईल का, हेही पाहा. उरलेला माल जिन्याखाली, गॅस सिलिंडरजवळ किंवा माळ्यावर पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. ओल धरलेली दारू बेभरवशाची होते. मोठा साठा असेल तर अग्निशमन दलाला विचारूनच पुढचं ठरवा. थोडे सुटे फटाके असतील तर ते रात्रभर पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, सकाळी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि कचरा नेणाऱ्याला आत काय आहे ते सांगून द्या. बादलीतलं पाणी झाडांना किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका.